नऊ लिटरची पेटी : पाण्यात रंग सोडताना

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

कालचं लग्न रात्री एकला उरकलं. आज उशिरा उठलो आणि स्टुडिओच्या माडीवरची जुनी मासे पाळायची काचपेटी काढून पुसली. यंदा लग्नाच्या तारखा सोडून जेवढे दिवस हाती राहतील, त्यात पाण्यात रंग सोडून फोटो काढायचे असं ठरवलंय. बारा फोटो, बारा बाय अठराचे प्रिंट. ऑर्डर कुणाचीच नाही. गल्लीतल्या वाचनालयाच्या जिन्यात भिंत रिकामी असते. तिथं लावू द्याल का म्हणून ग्रंथपालांना विचारलं, तर ते "बघू" म्हणाले. लातुरात "बघू" म्हणजे निम्मा होकार.

वीस वर्षं अक्षता, हळद, फुलं, गुलाल पडताना टिपतोय. पडणाऱ्या वस्तूंवरच माझं पोट चालतं म्हणा ना. पण हवेत वस्तू पडते आणि मोकळी होते. पाणी रंगाला जागोजागी अडवतं, रंग वाट काढतो, आणि त्या ओढाताणीत आकार तयार होतो. मला तो हवाय.

पेटी ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ ५४ लिटर. आई जिन्यात उभी राहून बघत होती.

"काय करायलास हे?"

"रंगाचे फोटो काढायचेत."

"एका फोटोला एवढं पानी?"

याला उत्तर नव्हतं. पेटी दिवसभर रिकामीच राहिली.

१२ फेब्रुवारी

आमच्या भागात आठवड्यातून एकदा नळ येतो, बाकी भिस्त बोअरवर आणि उन्हाळ्यात टँकरवर. काल नळ आला होता. आईचा डोळा चुकवून पेटी पाऊण भरली.

कॅमेरा ट्रायपॉडवर, मागं पांढरा सनबोर्ड, बाजूला एक फ्लॅश. दौतीतली निळी शाई ड्रॉपरनं सोडली. पहिला थेंब सुरेख उतरला, दुसरा धूसर, आणि तिसऱ्याला सगळं पाणी कपडे धुतल्यासारखं झालं. तीन थेंबांत चाळीस लिटर निळे. फोटो पाहिले तर अकरांत काचेवर माझा बनियन दिसतोय.

पाणी बादल्यांनी खाली नेलं. थोडं संडासात, थोडं गाडी धुवायला, उरलेल्याचा अंगणात सडा.

"निळा सडा पहिल्यांदाच बघायलेय," आई म्हणाली. रागावली नव्हती, पण डोळे बादल्या मोजत होते.

१६ फेब्रुवारी

मोठी पेटी बाद. काचवाल्याकडून पाच मिलीमीटर काचेची नवी पेटी करून आणली: रुंदी ३०, उंची ३५, खोली फक्त १०. पाणी ३० सेंटीमीटरपर्यंत भरायचं, म्हणजे नऊ लिटर. सिलिकॉन वाळायला एक दिवस जाईल.

खोली कमी केली ती पाणी वाचवायला, पण त्यातून फायदाही निघाला. मोठ्या पेटीत रंग पुढंमागं कुठंही भरकटायचा आणि फोकस सुटायचा. इथं भरकटून भरकटून किती भरकटणार? तोटा एकच. रंगाची बोटं काचेला लागली की चपटी होतात, दाबून वाळवलेल्या फुलासारखी. थेंब बरोबर मध्यावर सोडायला हवा.

२० फेब्रुवारी

गंजगोलाईच्या बाजारात रंग आणायला गेलो. सोळा रस्ते त्या गोलात येऊन मिळतात, आणि मला लागणारी वस्तू नेमकी ज्या रस्त्यावर असते तो मला हमखास शेवटी सापडतो. जिलेबीचा केशरी, सरबताचा लाल, निळा, हिरवा, एक बाटली नीळ, दोन पोस्टर कलर. दुकानदारानं विचारलं, "कशाला पायजेत एवढे?"

"पाण्यात टाकायला."

"सगळेच पान्यातच टाकत्यात की."

संध्याकाळी उजेडाची जुळणी केली. खाण्याचे रंग पाण्यात पूर्ण विरघळतात, म्हणून ते पारदर्शक राहतात. त्यांच्यामागून उजेड आला तरच ते पेटतात. पेटीमागं एक फूट अंतरावर बटर पेपर ताणला आणि त्याच्यामागं लग्नातला स्पीडलाइट, म्हणजे सुटा फ्लॅश, ठेवला. दूध आणि पोस्टर कलर यांची गोष्ट उलटी. त्यांचे कण पाण्यात तरंगतात आणि उजेड उधळतात, त्यामुळं मागून उजेड दिला तर ते काळे ढग दिसतात. त्यांना उजेड बाजूनं किंवा वरून द्यायचा आणि मागं काळं कापड धरायचं. हे दोन गट एका चौकटीत आणायचा हट्ट मी तासभर केला, मग सोडला.

आकडे लिहून ठेवतो, नाहीतर लग्नाच्या गडबडीत विसरतील. एफ ११, आयएसओ २००, शटर १/२००. फ्लॅशची ताकद १/३२. एवढ्या कमी ताकदीला फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच पेटतो, खोलीत अंधार ठेवला की रंग गोठवायचं काम तोच करतो. फोकस हातानं लावायचा, जिथं थेंब पडणार तिथं स्टीलची पट्टी बुडवून. कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा, त्याला लेन्सपुरतं भोक. बनियन गेला.

२५ फेब्रुवारी

बुडबुडे. चार दिवस फक्त बुडबुडे.

बोअरचं पाणी पेटीत भरून ठेवलं की अर्ध्या तासात काचेवर आतून मोत्यासारखे थेंब चढतात. गार पाण्यात विरघळलेली हवा पाणी कोमट होताना बाहेर पडते. उजेड मागून असल्यानं एकेक बुडबुडा काळ्या टाचणीसारखा दिसतो. कंप्युटरवर पुसत बसलो तर एका फोटोला दीड तास लागला.

हवा काढायला पाणी उकळलं, तर वेगळंच झालं. नितळ पाणी उकळल्यावर पांढुरकं, ताक घुसळल्यासारखं. भाच्याला बोलावलं. ताईचा मुलगा, नीटच्या क्लाससाठी आमच्याकडं राहतो. लातूरच्या निम्म्या घरांत असा एकेक भाचा-पुतण्या असतो.

"मामा, हे कठीण पाणी आहे. उकळल्यावर बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि खाली बसतं. किटलीच्या बुडाला थर येतो ना, तेच."

त्यानं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, आणून बुडवला. बोअर ११४०. नळ ३८०. घरच्या आरओ फिल्टरचं ६०.

आई चुलीपाशीच होती. "हे मीटर कशाला लागतंय? ह्या पान्यात डाळ शिजत न्हाई, तेवढ्यावरनं कळतंय की." तुरीच्या डाळीच्या गावात राहून डाळ शिजत नाही हा तिचा जुना राग आहे.

उपाय: पाणी रात्री उकळायचं, झाकून ठेवायचं, सकाळी वरचं हलक्या हातानं ओतून घ्यायचं. उकळल्यानं हवा गेलेली असते, निवल्यानं पांढुरकेपणा गेलेला असतो. खालचा गाळाचा लिटरभर कुंड्यांना. आरओचं पाणी वापरलं असतं तर हा खटाटोप वाचला असता, पण आरओ एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. ते आईच्या नजरेसमोर करणं मला जमणार नाही.

२ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा मनासारखं झालं.

ड्रॉपरचं टोक पाण्यापासून किती उंच धरायचं याचा नेम लागत नव्हता. उंचावरून सोडलं तर जोर जास्त, थेंब खोल जाईल, असा माझा समज. तसं नाही. उंचावरून पडलेला थेंब वरच फुटतो आणि रंगाचं नुसतं थारोळं होतं. पट्टी उभी करून अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरनं पाहिलं. तीन सेंटीमीटरवरून सोडला तर निळी कडी तयार होते, स्वतःभोवती आतून बाहेर फिरत सरळ खाली जाते. साडेचारवरून सोडला तर बिघडते. सहावरून पुन्हा सुंदर. मला वाटलं माझा हात हलतोय. चाळीस थेंब मोजले, तरी तेच.

भाच्यानं शोधून काढलं. जे. जे. थॉमसन, ज्यांनी पुढं इलेक्ट्रॉन शोधला, त्यांनी न्यूऑल नावाच्या सहकाऱ्याबरोबर १८८५ मध्ये याच कड्यांवर काम केलं होतं. थेंब ड्रॉपरवरून सुटला की हवेत थरथरतो: क्षणात चपटा, क्षणात लांबट. पाण्याला टेकताना तो कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर कडी किती खोल जाणार हे ठरतं. म्हणून चांगली उंची एक नसते, टप्प्याटप्प्यानं येते. एकशे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखंच पट्टी घेऊन थेंब मोजत बसलं होतं हे वाचून बरं वाटलं.

कडी खाली जाताना मोठी होते, मग तिच्या कडेला गाठी येतात, प्रत्येक गाठीतून एक धागा खाली उतरतो आणि त्या धाग्याच्या टोकाला नवी छोटी कडी. झुंबर उलगडावं तसं. रंगीत पाणी साध्या पाण्याहून किंचित जड असतं. जड वर आणि हलकं खाली अशी अवस्था टिकत नाही, जड पाणी बोटं काढून खाली घुसतं.

मी सगळ्याला डिफ्यूजन, म्हणजे पाणी न हलता रंगानं आपोआप पसरणं, म्हणत होतो. भाचा हसला. त्यानं वहीत गणित मांडलं: नुसत्या डिफ्यूजननं रंगाला एक सेंटीमीटर जायला दिवसाहून जास्त वेळ लागेल.

"मग हे काय चाललंय?"

"पाणी हलतंय, मामा. रंग फक्त दाखवतोय."

हे वाक्य पाठीमागं लागलंय. मी महिनाभर रंगाचे फोटो काढतोय असं समजत होतो.

१४ मार्च, धूळवड

कॅमेरा बंद. औशाच्या रस्त्याला पळस पेटलाय, पिशवीभर फुलं आणली.

१९ मार्च, रंगपंचमी

पळसाची फुलं रात्रभर भिजवून सकाळी उकळली. पातेल्यात रंग झकास केशरी दिसतो, पेटीत मात्र फिका पिवळा, उजेडात जवळजवळ नाहीसा. आटवून पाव केला, तरी बाजारच्या जिलेबीच्या रंगासमोर बिचारा पडला. पण त्याची चाल वेगळी आहे. फुलातला चिकटपणा उतरल्यामुळं असेल, धागे लवकर तुटत नाहीत, लांब लोंबत राहतात. एक फोटो ठेवला. रंगासाठी नाही, त्या लोंबण्यासाठी.

उरलेला रंग गल्लीतल्या पोरांनी माझ्यावरच ओतला.

३० मार्च, पाडवा

ऑर्डरी. नोंद नाही.

५ एप्रिल

ऊन चाळीसच्या वर. आणि रंग वाकडा पडायला लागला.

तीच उंची, तोच ड्रॉपर, निवलेलं पाणी. तरी धागा पाच सेंटीमीटर सरळ उतरतो आणि मग कुणी फुंकल्यासारखा डावीकडं वळतो. आधी कूलरवर संशय. कूलर माडीच्या फरशीला कापरं भरवतो, पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक लहरी दिसतात हे खरं. तो बंद केला. घामानं हातातला ड्रॉपर निसटायला लागला, धागा तरी वाकडाच.

मग सरळ निळीचे चार थेंब टाकून अर्धा तास नुसता बघत बसलो. पाणी हळूहळू फिरत होतं: मधून खाली, कडेनं वर. आपण मागं लागलो नाही तर पाणी आपलं काय चाललंय ते स्वतः सांगतं. कारण लक्षात आलं तेव्हा हसू आलं, कारण ते माझ्यामागं कोपऱ्यात तिवईवर ठेवलेलं होतं. माठ. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते, त्यामुळं वरचं पाणी गार होतं, गार झालं की जड होतं आणि खाली बसायला लागतं. माझी उघडी पेटी दिवसभर माठाचंच काम करत होती.

म्हणून आता पेटीवर काचेचं झाकण, त्याला रुपयाएवढं भोक. पाणी रात्री भरून ठेवायचं म्हणजे खोलीचं आणि पाण्याचं तापमान एक होतं. काम पहाटे साडेचार ते साडेसहा, नंतर नाही. सिंटेक्सच्या टाकीतलं दुपारचं पाणी तर अंघोळीलाही नको होतं.

१२ एप्रिल, शनिवार

आज नऊ वर्षं झाली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी करायला बंदी घातली होती, टाक्यांपाशी १४४ कलम. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मी तेव्हा स्टेशनवर कॅमेरा घेऊन गेलो होतो. पाण्याचा एक थेंबही फोटोत नाही. सगळ्या फोटोंत तपकिरी टाक्या, माणसं आणि हार. तो निळा ड्रम, जो आईनं त्या उन्हाळ्यात घेतला, अजून जिन्याखाली आहे आणि कधीच रिकामा नसतो.

आज पहाटे त्या ड्रमकडं बघताना सुचलं. आमच्या घरात चार प्रकारचं पाणी असतं: नळाचं, बोअरचं, टँकरचं, आरओचं. आई प्रत्येकाचं भांडं वेगळं ठेवते आणि चुकून मिसळलं तर ओरडते. काचेतून बघितलं तर चारही सारखी दिसतात. ती वेगळी आहेत हे फोटोत दाखवता येईल का?

१३ ते २० एप्रिल

कल्पना सोपी आहे. खाली बोअरचं, वर आरओचं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणजे ते जड. रंग वरून सोडला तर सीमेवर अडला पाहिजे.

आधी सोपा प्रयोग म्हणून खाली मिठाचं पाणी घेतलं, लिटरला दोन मुठी. थर पक्का बसला, रंग त्याच्यावर आपटून छत्रीसारखा पसरला. पण दोन्ही पाण्यांतून उजेड वेगवेगळा वाकतो, त्यामुळं सीमेवर सगळं उन्हातल्या डांबरी रस्त्यासारखं थरथरतं. फोकस लागतच नाही. शिवाय मीठ ही लबाडी वाटली.

खऱ्या पाण्यात फरक किती? भाच्याच्या हिशेबानं लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर. तापमान तीन-चार अंशांनी इकडंतिकडं झालं तरी एवढा फरक पुसला जातो. म्हणून दोन्ही पाणी रात्रभर शेजारी-शेजारी ठेवायची, एकाच खोलीत, झाकून. पहाटे आधी बोअरचं साडेचार लिटर. त्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत सोडायचा आणि त्या तुकड्यावर सलाईनच्या नळीनं आरओचं पाणी, थेंबांची धार धरून. पाऊण तास लागतो. एकदा घाई केली आणि सगळं एकजीव झालं.

आरओच्या त्या साडेचार लिटरसाठी जे पाणी मोरीत जाणार होतं, ते बादलीत धरून आईच्या भांड्यांना दिलं. तिनं बादली घेतली, बोलली काही नाही.

आता रंग. चिमूटभर पूड घातली तरी रंगाचं पाणी इतकं जड होतं की ते सीमा भोसकून थेट तळाला जातं. पहिले तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी भाच्यानं स्पिरिट सुचवलं. स्पिरिट पाण्याहून हलकं, ते अगदी थोडं घालून रंगाचं वजन दोन्ही पाण्यांच्या मधोमध आणायचं. शंभर मिली रंगाला अर्ध्या मिलीच्या आतबाहेर. इन्सुलिनच्या सिरिंजनं मोजलं. थोडं जास्त झालं तर रंग वरच तरंगतो, थोडं कमी तर बुडतो. सोनाराची तागडी बरी.

सोडायचा कसा, तर ड्रॉपर नकोच. सलाईनची दुसरी नळी, पुढं बोथट केलेली सुई, सुईचं टोक पाण्याच्या आत. नळीवरचं चाक फिरवून धार ठरवायची. चाक थोडं जास्त उघडलं की सरळ धागा विस्कटतो. ऑसबोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून हेच दाखवलं: संथ असेपर्यंत रेघ, वेग वाढला की गोंधळ. त्याच्याकडं भलीमोठी टाकी होती. माझ्याकडं सलाईनचं चाक.

२० तारखेला, पावणेसहाला, जमलं. लाल धागा केसाइतका बारीक, वरच्या पाण्यातून खाली यायला त्यानं दोन मिनिटं घेतली. मध्यावर आला आणि थांबला. खाली काहीही नव्हतं अडवायला, दोन्हीकडं सारखंच नितळ पाणी, आणि रंग काचेच्या फळीवर सांडावा तसा आडवा पसरत गेला. कडेला किंचित वर वळला, परत बसला. मी शटर दाबायला विसरलो, भाच्यानं दाबलं. सहा फोटो त्याचे, तीस माझे. सगळ्यांत चांगला त्याच्या सहांतला आहे. प्रिंटखाली त्याचं नाव लावणार.

आईला बोलावून दाखवलं. तिनं बोट काचेला लावून विचारलं, "खाली बोअरचं का?"

"हो. कसं ओळखलंस?"

"जडच राहतंय ते."

दुपारी बारापर्यंत तो लाल थर तसाच होता. नंतर खिडकीतून ऊन आलं आणि एक बाजू वर उचलली गेली.

२४ एप्रिल

वापरलेलं पाणी पुन्हा वापरता येईल का, हा खटाटोप. तुरटी फिरवली, गाळ बसला, रंग मात्र फारसा हलला नाही. मग नऊ लिटरला झाकणभर ब्लीच. लाल रंग काही मिनिटांत गेला, निळ्यानं जास्त वेळ घेतला, पण पाणी नितळ झालं. खूश होऊन लगेच त्यातच नवा लाल थेंब सोडला. थेंब उतरायला लागला आणि वरून विरत गेला. खालचं टोक तळाला पोचेपर्यंत मागचा अर्धा धागा नाहीसा. ब्लीच अजून कामावर होतं.

दहा फोटो काढले. शेपूट गेलेला धागा, नुसतं डोकं. एक ठेवलाय.

आता ब्लीच केलेलं पाणी उघड्या परातीत दोन दिवस गच्चीवर ठेवतो, उन्हानं ब्लीचचा जोर जातो. पण अर्धं पाणी वाफेनंच जातं. एप्रिलमध्ये लातूरच्या गच्चीवर पाणी उघडं ठेवणारा माणूस म्हणून गल्लीत माझी चर्चा आहे.

२ मे

हळद. सोप्या वाटणाऱ्या गोष्टीनं पुन्हा फसवलं. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि काचेला चिकटते. स्पिरिटमध्ये मात्र तिचा रंग सुरेख उतरतो. तो अर्क गाळून घेतला. स्पिरिट हलकं असल्यानं वरून सोडून उपयोग नाही, तळाशी सुई नेऊन सोडला. पिवळा धूर वर चढायला लागला, उदबत्तीसारखा, आणि वर जाता जाता दुधाळ झाला, कारण पाणी लागलं की विरघळलेली हळद पुन्हा कण धरते.

नंतर साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी भरली. पानपट्टीवरून दहा रुपयांचा चुना, रात्रभर निवत ठेवलेला. तोच पिवळा अर्क सुईतून बाहेर येतानाच लाल झाला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरी कुंकू करायच्या रीतीचं मूळ तेच. हे माहीत होतं. पण होताना पाहिलं नव्हतं: सुईच्या टोकाशी जेमतेम एक मिलीमीटर पिवळं, त्यापुढं सगळं तांबडं. त्या एका मिलीमीटरसाठी लेन्सला अगदी जवळून टिपायची मॅक्रो रिंग लावून साठ फोटो काढले. दोन लागले.

निवळीवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं साय धरते. वीस मिनिटांत काम उरकावं लागतं.

आई म्हणाली, आजी घरी कुंकू करायची तेव्हा हाताला आठवडाभर वास राहायचा. कसला, हे तिला सांगता येईना.

७ मे

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. गावाकडं विहिरीत टाकायचे ते. एक खडा सोडला, जांभळी रेघ ओढत तळाला गेला आणि तिथून जांभळं पाणी जमिनीवर धुकं पसरावं तसं पसरलं. फोटो चांगला आहे. पेटीवर तपकिरी डाग पडले, लिंबानं गेले.

१८ मे, रविवार

निवड. चार हजारांवर फोटो होते, बावीसवर आणले, मग अकरावर. बारावा जमत नाहीये.

प्रिंटच्या दोन चाचण्या काढल्या. पडद्यावर पेटलेला निळा कागदावर जांभळट होतो, हे लग्नातल्या पैठण्यांमुळं सवयीचं आहे. लाल थराचा फोटो मात्र चकचकीत कागदावर नको वाटला, मॅटवर काढला. ग्रंथपालांनी येऊन पाहिलं. बराच वेळ त्या लाल आडव्या रेघेसमोर उभे राहिले.

"मध्ये काच लावलीय का?"

"नाही. नुसतं पाणी."

"बघू," म्हणाले, आणि मग भिंतीची लांबी सांगितली.

२६ मे

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलंय. काल रात्री लाइन गेली आणि पत्र्यावर एकदम धबाबा सुरू झालं. पहिला पाऊण तास पत्रा धुऊ दिला, मग पन्हळीखाली पातेली, घमेली, तो निळा ड्रम, जे सापडेल ते. भाचा मोबाइलच्या उजेडात टीडीएस मीटर बुडवत होता.

"मामा, चौदा!"

मी तीन वेळा बघितलं. चौदा. उकळायचं नाही, निववायचं नाही, मोरीत काही सोडायचं नाही. पंधरा लिटरचं मोठं पातेलं स्वच्छ फडक्यानं गाळून माडीवर न्यायला उचललं, तर आई जिन्यात.

"कुठं न्यायलास?"

"फोटोला. बारावा राहिलाय."

"आधी डाळ."

दहा लिटर तिनं काढून घेतलं. सकाळी तुरीची डाळ चढवली, तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. रोज सहा लागतात. शेजारच्या काकूंना वाटीभर वरण पाठवलं, ते केवळ दाखवायला.

मला पाच लिटर मिळालं. पेटी निम्मीच भरली. पाणी निवलंय, झाकण लावलंय. उद्या पहाटे साडेचारचा गजर.